बिनकाट्याची सावर

मी झाडाखाली जन्मले. हे ऐकलं की कुणी च्च् च्च् करतं, कुणी वा म्हणतं, आणि दोन्हीपैकी कशाचीच गरज नसते. आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. दिवाळी झाली की वडूजच्या पुढच्या माळावरनं आमचा वाडा निघायचा. वाडा म्हणजे चिरेबंदी वगैरे नव्हे बरं का. पाच-सहा घरांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि पोरंबाळं मिळून जो लवाजमा चालतो त्याला आम्ही वाडा म्हणतो. तो कृष्णाकाठी जायचा. तिथं मळेकऱ्यांच्या मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत त्यांना आणि जोंधळं आपल्याला, असं करत उन्हाळा काढायचा आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. बाप्ये मेंढरांमागं. बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून निराळ्या वाटेनं पुढच्या मुक्कामाला. वाटेत जिची वेळ भरेल तिनं झाड बघून थांबायचं, बाकीच्यांनी लुगडी आडवी धरायची. थोड्या वेळात बाळ, आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम. माझ्या आईचंही तसंच व्हायचं होतं, पण मी अडून बसले.

ऊन वर चढलं, उतरायला लागलं, तरी मी काही बाहेर येईना. "तवापास्नंच हट्टी," असं आई अजून म्हणते. ती एका काटेसावरीच्या बुंध्याला पाठ लावून बसली होती. फाल्गुन होता. झाडावर पान एक नाही, नुसती लाल फुलं, आणि ती टप टप तिच्या अंगावर पडत होती. शेवटी तिनं झाडालाच हात जोडले. म्हणाली, माय, सोडीव. माझं लेकरू जितं राहिलं तर त्याला माघारी घेऊन येईन, तुझ्या बुडाशी निजवीन आणि तुझी ओटी भरीन. मग मी आले.

पुढच्या वर्षी नेमकी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाट बदलली. त्या बाजूला पाणी खेळलं, सगळीकडं ऊस उभा राहिला, मेंढरं बसवायला मोकळं रान उरलं नाही. आई दर दिवाळीला म्हणायची, औंदा तिकडनं जाऊ. आबा म्हणायचे, पुढल्या साली बघू. असं करता करता मेंढरं विकली, आमच्या माळावरही पाणी आलं, आम्ही शेतकरी झालो, आबा गेले. नवस तसाच राहिला.

तसाच म्हणजे कसा, घरातल्या एखाद्या तिरसट पाहुण्यासारखा राहिला. मी दहावीला पहिल्या फेरीत गणितात गचकले, नवसामुळं. माझ्या पित्ताशयात खडे झाले, नवसामुळं. मोपेडवरनं पडून हात मोडला, तो तर शंभर टक्के नवसामुळं. एस.टी.त कंडक्टर म्हणून लागले तेव्हा मात्र आई म्हणाली, "ते तुज्या अकलंनं." एवढं एक श्रेय माझ्या वाट्याला आलं.

इतकी वर्षं आम्ही ते हसण्यावारी नेलं. मग माझ्या लेकीला दिवस गेले. लेक पुण्याला असते. तिचं पहिलंच बाळंतपण, आईची पहिली पणती नाहीतर पणतू. वाटलं होतं म्हातारी गावभर साखर वाटेल. तर ती गप्पच. फोनवर लेकीला विचारायची, जेवलीस का, पाय सुजत्यात का, झोप लागती का. बाळ हा शब्द मात्र तोंडातनं काढायची नाही. लेकीनंच एकदा आपणहून सांगितलं, आज्जी, बाळ लाथा मारतंय, तर म्हातारीनं फोन माझ्या हातात दिला आणि उठून शेण काढायला गेली. त्या रात्री लेक फोनवर माझ्याजवळ रडली. म्हणाली, "आई, आज्जीला माझं बाळ नकोय का गं?"

मी तडक आईपुढं जाऊन उभी राहिले. माझा आवाज मुळात मोठा, त्यात खचाखच भरलेल्या गाडीत 'चला, पुढं सरका' करून करून आणखी मोठा झालेला. म्हटलं, "काय लावलंयस तू हे? पोर रडतीया तिकडं!" आई ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली बघत म्हणाली, "जिला कबूल केलं तिला दिलं न्हाई. आता कुठल्या तोंडानं नवं लेकरू मागू? तुज्यावर आलं ते तू निभावलंस, तू दांडगी हायस. ते एवढंसं. त्येच्यावर आलं म्हंजी?"

लांडग्याला दगड मारून पळवलेली बाई ही. ती घाबरली होती. खरोखर घाबरली होती. माझा सगळा आवाज गेला. मी म्हटलं, "जाऊया. तुझी सावर शोधूया."

आईनं फाल्गुन उजाडल्याशिवाय निघायला नकार दिला. पाला फुटला की सगळी झाडं भाऊबंद दिसतात म्हणे, फुलात आली की आपापली दिसतात. लेकीला सातवा संपत आला होता.

गाडी धाकट्या भावाची. तो फौजेत ड्रायव्हर होता, बर्फाच्या घाटांतनं मोठमोठे ट्रक काढून आता निवृत्त होऊन घरी आलाय. पण दूध आणायला निघाला तरी मोहिमेवर निघाल्यासारखं करतो. त्यानं आदल्या दिवशी जाहीर केलं, "सकाळी सहाला फॉलिन, सगळे गाडीपाशी. मायणी, विटा, पलूस, नदी, आष्टा. दुपारी झाड, संध्याकाळी घर. कोई शक?" आईनं त्याच्याकडं लक्ष न देता पिशवी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, एक इवलासा लाकडी पाळणा आणि सगळ्यात वर काळी घोंगडी. घोंगडी कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मग तुला काय भुईवर निजवू?"

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. अंगानं भरलेली, जिना चढताना गुडघे वाजतात. मला खरोखर झाडाखाली निजवायचा तिचा बेत होता हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, बघू, अजून झाड कुठं सापडलंय.

आता माझं सांगायचं तर वडूज ते विटा हा रस्ता मी हजारदा केलाय. पण उभ्यानं, मान खाली, हातात तिकिटाचं मशीन. कुठल्या थांब्याला कोण म्हातारी कोंबडी घेऊन चढते ते झोपेत सांगेन, पण रस्त्याच्या कडेला काय उगवतं ते विचाराल तर शप्पथ. त्यामुळं खिडकीजवळ बसायला मिळालं आणि सुट्टे पैसे मागायचे नाहीत म्हटल्यावर माझी मान आत येईना.

बाहेरच्या माणसाला आमचा माळ म्हणजे नुसता दगड वाटतो. त्यानं फाल्गुनात यावं. गवत वाळून पिवळंधमक झालेलं, त्यात तरवडाची पिवळी फुलं, बांधाबांधाला हिवर आणि बाभळी, आणि मध्येच एखादा पळस असा पेटलेला, की फौजी भावाचासुद्धा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. पान नाही, सावली नाही, नुसतं केशरी. करंजांना कोवळी पालवी फुटत होती आणि ती इतकी चकचकीत होती की तेल लावून ठेवल्यासारखी दिसत होती. मी बडबडत सुटले होते, "आई, ते बघ! आगं ते बघ!" आई म्हणाली, "बघतीया की. चालत बघितलंय मी समदं. तूच आज बघाय लागलीयास."

आईच्या लेखी जगातल्या सगळ्या वनस्पती तीन प्रकारच्या. मेंढरं खातात त्या, मेंढरं खात नाहीत त्या, आणि मेंढरं खातात पण मग पोट फुगतं त्या. हिवराच्या शेंगा पहिल्या प्रकारात, रुई दुसऱ्या. फुलांची शोभा वगैरे तिच्या हिशेबात बसत नाही. पळस दिसल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "पत्रावळीला बरा."

पण दर थोड्या वेळानं तिची हाक यायची, "थांबीव रं." भाऊ थांबवायचा. ती उतरून तरवडाची काडी तोडून दात घासायची, बोरीखालची उशिराची बोरं वेचायची, कुठल्या तरी दगडाकडं बघत उभी राहायची. मग मी गाडीच्या टपावर दोनदा थाप मारायची. एस.टी.त एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, आणि सवय काही जात नाही. भाऊ कपाळावर हात मारायचा. "आय, या रफ्तारनं आपण दिवाळीला पोचू." आई म्हणायची, "मेंढरं हाकताना तुजा बा कवा घाई करत न्हवता. तू कुनाला हाकतोयस?"

एक गोष्ट मी बघितली, पण बोलले नाही. जिथं जिथं बाभळीला डिंक आलेला दिसला तिथं म्हातारी थांबायची आणि तो खरवडून पदराच्या गाठीत ठेवायची. पिवळा, पारदर्शक, खडीसाखरेगत. डिंकाचे लाडू बाळंतिणीला करतात. कुणासाठी गोळा करतेस असं मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मायणीपर्यंत गाठ चांगली टम्म झाली होती.

मायणीच्या तलावापाशी भाकरी सोडल्या. खर्डा, दही, कांदा. पाण्यावर पाखरं होती, आणि भावानं फौजेतली त्याची ती जुनी गोष्ट सांगितली ज्यात तो ट्रकसकट नाल्यात जाता जाता वाचतो. आम्ही ती पुन्हा ऐकली. काय सांगू, इतकं बरं वाटत होतं. उन्हाला अजून धार नव्हती, वाऱ्याला करंजाचा वास होता, आणि आईला मुलगा-मुलगी एकत्र असं किती वर्षांनी मिळालं होतं. ती मध्येच हसायची आणि मध्येच पदराची गाठ चाचपून बघायची.

विटा मागं पडलं आणि रंग बदलायला लागला. आधी एखादा हिरवा चौकोन, मग द्राक्षाच्या बागा, मग पलूसच्या पुढं सगळा ऊसच ऊस. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून डुलत डुलत चाललेल्या. माळावरची झाडं कशी एकेकटी उभी असतात, नाव घेऊन हाक मारता येईल अशी. इथं झाड दिसायलाच मागत नव्हतं. ऊस माणसापेक्षा उंच, त्याच्या मागं काय आहे देव जाणे. आईचा चेहरा उतरत चालला. कृष्णेचा पूल ओलांडून पलीकडं थांबलो तेव्हा दिवस बराच कलला होता.

आई उतरली. आजूबाजूला बघितलं. मग सरळ गाडीत येऊन बसली आणि म्हणाली, "आज न्हाई जमायचं."

"का?" आम्ही दोघं एकदम.

"सूर्य तोंडावर आलाय. नदीपल्याडच्या मुक्कामावरनं आमी सकाळचं निघालो, सूर्य पाठीला व्हता. आता समदं उलटं दिसतंय."

भावाचं तोंड बघण्यासारखं झालं. मला मात्र तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. रस्त्याचं नाव, गावाचं नाव, फाट्यावरची पाटी, यातलं काही तिच्याजवळ नव्हतंच. तिच्याजवळ होतं ते असं: नदी उतरली, सूर्य पाठीला, पावलापुढं पाऊल, डावीकडं बैलाच्या वशिंडागत डोंगर, मग ओढा, ओढ्याच्या वर सावर. आणि आम्ही शहाणे तिला दुपारची घेऊन आलो होतो. धनगराच्या घरात जन्मून दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

भाऊ पण काही कच्चा नव्हे. आष्ट्याकडं जाताना रस्त्याच्या कडेला एक काटेसावर लालेलाल फुललेली दिसली. त्यानं गाडी घातली बाजूला. "आय! आगं हीच की ती! डोंगर बघ तिकडं, ओढा आसंल हितंच कुठंतरी." माझ्याकडं बघून त्यानं डोळा मारला. मीही गप्प बसले, कारण लेक डोळ्यांपुढं होती. म्हटलं, म्हातारीचं समाधान झालं तर काय वाईट.

आई उतरली, झाडापाशी गेली, बुंध्याला तळहात लावला आणि फिरून भावाकडं अशी बघायला लागली की त्यानं गाडीचा आरसा पुसायला घेतला. "काटं बग ह्येचं," ती म्हणाली. "ही कालची पोर हाय. माजी सावर म्हातारी व्हती, बुडाचं काटं समदं झडल्यालं. काटं आसतं तर मी दिसभर पाठ टेकून बसले आसते व्हय रं? का तुजी आय म्हशीच्या कातड्याची हाय?"

मी हसून हसून गाडीला टेकले. भाऊ सॅल्यूट मारून म्हणाला, "गलती हो गयी, साब." पण म्हातारी हसली नाही. गाडीत बसता बसता ती हळू म्हणाली, "मला फसवून काय व्हनार? फेडायचं तिला हाय."

मुक्काम आष्ट्यात, भावाच्या फौजेतल्या दोस्ताकडं झाला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत परत नदीवर. सूर्य पुलापलीकडनं वर आला, आणि आई उतरून चालायला लागली. गाडीत बसच म्हटलं तर म्हणाली, "पायाला वाट ठावं हाय, टायरला न्हाई." मग काय विचारता. पुढं म्हातारी, काठी टेकत, डोक्यावर पदर, त्यामागं पायाच्या चालीनं आमची गाडी, गाडीमागं उसाच्या ट्रॉल्या आणि मोटरसायकली, आणि सगळे मिळून भोंगे वाजवतायत. मी खिडकीतनं अर्धी बाहेर येऊन माझ्या नेहमीच्या आवाजात सगळ्यांना गप्प केलं. "काय आग लागलीया का? म्हातारं माणूस चाललंय दिसत न्हाई?" एक ट्रॉलीवाला म्हणाला, "आवं मावशी, कुठं निघालाय एवढं?" म्हटलं, "माझ्या माहेराला!"

थोड्याच वेळात आई रस्ता सोडून पाणंदीत शिरली. दोन्हीकडं ऊस, मधनं गाडीपुरती वाट. मीही उतरले आणि तिच्या मागनं चालू लागले. एके ठिकाणी ऊस तुटून गेला होता आणि एकदम मोकळं झालं. डावीकडं डोंगर दिसला. बैलाचं वशिंड, अगदी तस्सं. आईची चाल वाढली. ओढा आला, कोरडा, करंजांनी झाकलेला. ती तो लहान पोरीसारखी उतरली आणि वर चढली. मी धापा टाकत मागनं पोचले तेव्हा ती उभी होती.

"हितं," ती म्हणाली.

तिथं काही नव्हतं. एक पत्र्याचं घर, बोअरच्या मोटरीची पेटी, कडब्याची गंज, आणि पलीकडं परत ऊस.

"आई, दुसरीकडं असंल."

"हितंच." आणि ती त्या जागेवरनं हलेना, तेव्हा मला पहिल्यांदा झाडाचा राग आला. इतकी वर्षं आमच्या घरात ठाण मांडून बसलीस, आणि आज तुला भेटायला आलो तर तू नाहीस?

घरातनं एक म्हातारी बाहेर आली. आईपेक्षाही वाकलेली, हातात सूप. तिच्या मागं दोन सुना. "कोन पायजे?" तिनं विचारलं. आईनं उलट विचारलं, "हितं सावर व्हती न्हवं?"

त्या म्हातारीनं आईचं लुगडं बघितलं, हातावरचं गोंदण बघितलं, आणि हळूच सूप खाली ठेवलं. "आगं बया," ती म्हणाली. "तू ती न्हवं का? माज्या सावरीखाली दिसभर कण्हत पडल्याली धनगरीण? मी ऊन पानी घेऊन आलेवते. नवी नवरी व्हते मी, सासू वराडत व्हती, सरपान काय फुकट येतंय का म्हनून."

"आन् गूळ-तूप," आई म्हणाली.

"आन् गूळ-तूप. पोरगी झालीवती. डोक्यावर ह्ये जावळ!" मग तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हीच काय गं?"

"हीच."

"लय वाडलीया," ती म्हणाली, आणि तिच्या सुना तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण जन्माच्या वेळी ऊन पाणी आणलेल्या बाईपुढं काय बोलणार. मी वाकून पाया पडले.

सावर वळवाच्या वाऱ्यानं पडली होती. आतनं पोकळ झालेली, एका झटक्यात आडवी झाली. त्यालाही बरीच वर्षं झाली. "मी लय वाट बगितली तुमची," मळ्यातली म्हातारी म्हणाली. "दरसाली मेंढरं दिसली की म्हनायची, ती पोरगी दाखवाय आनतील."

आई मटकन खाली बसली. पिशवी मांडीवर धरून. नारळ, खण, पाळणा, सगळं तिच्या मांडीवर. "मग आता मी कुनाच्या पाया पडू गं बाई?" ती म्हणाली. "कुनाची वटी भरू? माज्या नातीला सातवा सरत आलाय." आणि ती रडायला लागली. आबा गेले तेव्हा तिला रडताना बघितलं होतं, त्यानंतर आजच. भाऊ गाडीपाशी पाठ करून उभा राहिला. आता लेकीला काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मळ्यातली म्हातारी घरात गेली. बाहेर आली ती एक उशी घेऊन. लहान पोरांच्या डोक्याखाली घालतात तेवढीशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यांची खोळ, धुवून धुवून विटलेली. तिनं ती आईच्या मांडीवर ठेवली.

"चैतात बोंडं फुटली की मी कापूस गोळा करायची," ती म्हणाली. "मऊ आसतोय सावरीचा, लेकराचं डोकं तापत न्हाई. माजी पोरं, नातवंडं समदी हिच्यावर निजली. झाडाच्या शेवटच्या सालचा कापूस हाय ह्यो."

आईनं उशी दाबली. मग नाकाशी नेली. पदरानं डोळे पुसले, उठली, आणि एकदम तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बुड कुठं व्हतं गं?"

म्हातारीनं मोटरीच्या पेटीपासची जागा दाखवली. आईनं तिथं घोंगडी अंथरली, वर उशी ठेवली, आणि माझ्याकडं बघितलं. "नीज."

"आई, लोकं बघत्यात."

"नीज म्हन्ते न्हवं!"

मी निजले. सुना हसतायत, भाऊ मोबाइल काढून उभा, मी पडल्या पडल्या त्याला दम दिला, फोटो काढलास तर बघ. आईनं उशीच्या कडेला कुंकू लावलं, खण ठेवला, खणावर तांदूळ, हळकुंड, नारळ, इवलासा पाळणा. मग माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. कलप उडालेले पांढरे केस माझे. तिनं वर बघितलं, जिथं फांद्या असायला हव्या होत्या तिथं, आणि म्हणाली, "आनली बग, माय. येळ लागला जरा."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. उशी खरंच मऊ होती. वर नुसतं निळं आभाळ होतं आणि मी माझ्या जन्मजागी आडवी पडून हमसून हमसून रडत होते, आणि कुठल्याच मोठ्या माणसाला मिळत नाही ते मला मिळालं होतं.

मग चहा झाला, जेवल्याशिवाय सोडायला कुणी तयार होईना, तेही झालं. निघताना मळ्यातल्या म्हातारीनं उशीची शिवण उसवली. अख्खी देता येणार नाही म्हणाली, तिचा पणतू हिच्याशिवाय झोपत नाही. अर्धा कापूस तिनं काढला आणि ओटीच्या त्याच खणात बांधून आईच्या हातात दिला. आईनं घोंगडी तिच्या खांद्यावर टाकली. दोघी एकमेकींच्या गालांवरनं हात फिरवून बोटं मोडत राहिल्या, आणि मला टपावर दोनदा थाप मारायचं धाडस होईना. शेवटी आईनंच मारली. दोनदा, धाडधाड. भाऊ म्हणाला, "घ्या, नवीन कंडक्टर."

येताना तिनं कुठंही थांबवलं नाही. खणाची गाठोडी मांडीवर, त्यावर दोन्ही हात. ऊस संपला, विटा गेलं, आमचा पिवळा माळ परत सुरू झाला, मावळतीचं ऊन पळसांवर पडलं होतं. मायणीच्या अलीकडं ती म्हणाली, "लाव गं तिला फोन."

लावला. लेक म्हणाली, "हां आज्जी, जेवले मी. पाय नाही सुजले."

"त्ये ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "बाळ हालतंय का गं?"

लेकीचा आवाज आला, भिजलेला. "हलतंय आज्जी. आत्ता पण हलतंय."

"मग फोन पोटाला लाव बगू."

भावानं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. म्हातारीनं फोन तोंडाच्या अगदी जवळ धरला, गाठोडीवर हात ठेवला, आणि माळावर वाऱ्यात हाक मारताना मारायची तशी मोठ्यांदा बोलली.

"तुजी उशी आनलीया मी. ये आता बिनघोर."